भूमीचे प्रायश्चित्त

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे जे प्रकरण आहे, त्यात भांडी, वस्त्रे आणि धान्य यांच्याबरोबर भूमीच्या शुद्धीचाही विचार केलेला असून झाडणे, जाळणे, काळ लोटू देणे, गाई फिरवणे, पाणी शिंपणे, खरवडणे आणि सारवणे असे सात उपाय स्मृतिकाराने सांगितले आहेत. कारखान्यांच्या विषारी टाकाऊ द्रव्यांनी नासलेल्या जमिनी निर्धोक करण्यात ज्याची उमेद खर्ची पडली, अशा एखाद्या पर्यावरण-भूवैज्ञानिकापुढे ही यादी ठेवली, तर गाईंचा अपवाद करून बाकीचे उपाय तो आपल्याच दप्तरातले म्हणून ओळखील. दूषित माती खणून काढणे हे खरवडणे, ती भट्टीत घालून तापवणे हे जाळणे, भूगर्भात शुद्धिकारक द्रावण सोडणे हे शिंपणे, चिकणमातीचा जाड थर देऊन पावसाला मज्जाव करणे हे सारवणे. आणि जमिनीतील जिवाणूंनीच विष फोडावे म्हणून केवळ मोजमाप करीत वर्षानुवर्षे थांबणे, हे काळावर सोपवणे होय.

या साम्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. स्मृतींची अशुद्धी स्पर्शाची आणि संस्काराची होती, आणि तिच्याच आधारावर जिवंत माणसांनाही शतकानुशतके अशुद्ध ठरवण्यात आले, हे कोणाही सुबुद्ध वाचकाला विसरता येणार नाही; भूवैज्ञानिकाची अशुद्धी लिटरमागे अमुक मायक्रोग्रॅम अशी मोजता येते, आणि ती कोणाच्या आडात उतरायची हे भूजलाच्या उतारावरून ठरते, कुळावरून नव्हे. तथापि एक प्रश्न दोघांनाही समान आहे आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे. एकदा घडलेला दोष खरोखर नाहीसा होतो काय? की शुद्धी म्हणून आपण ज्याला म्हणतो ती, दोष शिल्लक असतानाही व्यवहार पुन्हा सुरू करण्याची केवळ एक परवानगी असते?

हा प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून या व्यवसायाचे काम जवळून पाहिले पाहिजे. धातूच्या सुट्या भागांवरील तेलकटपणा काढण्यासाठी कारखान्यांत दीर्घकाळ वापरले गेलेले ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रव्य घ्या. ते पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असल्यामुळे जमिनीवर सांडले की भूजलाच्या पातळीवर थांबत नाही. पाण्यातून खाली उतरत जाते, खडकाच्या भेगांत आणि चिकणमातीच्या खळग्यांत जाऊन बसते, आणि तेथून वाहत्या भूजलात कणाकणाने विरघळत राहते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे, म्हणजे अल्पशा सांडलवंडीनेही एका वस्तीचे पाणी निकामी व्हावे. शिवाय कालांतराने ते चिकणमातीच्या आणि खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. त्यामुळे पंप लावून दूषित पाणी कितीही उपसले आणि प्रमाण खाली आले, तरी उपसा थांबताच त्या छिद्रांतले विष उलट्या वाटेने बाहेर येऊन विहिरीतील आकडा पुन्हा चढू लागतो. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात तर हा मामला अधिकच गहन होतो, कारण येथे पाणी मुरमातून, कातळाच्या सांध्यांतून आणि लाव्हारसाच्या दोन थरांमधील फटींतून वाट काढते. एक विंधन विहीर दूषित निघावी आणि हाकेच्या अंतरावरची दुसरी निर्मळ निघावी, असे येथे सहज घडू शकते.

अशा विहिरीचा नमुना घेण्याची रीत पाहण्यासारखी असते. नळीत साचून राहिलेले पाणी प्रथम हळूहळू उपसून टाकतात. तापमान, सामू आणि विद्युत्वाहकता यांचे आकडे एकामागून एक घेतलेल्या मोजणीत स्थिर झाले, म्हणजे आता खडकातले ताजे पाणी येत आहे असे मानतात. मग 40 मिलिलिटरची एक छोटी काचेची कुपी तिच्या तोंडावर पाण्याचा फुगीर घुमट उभा राहीपर्यंत काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचे, आणि कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारून पाहायचे. आत लहानसा बुडबुडा दिसला तर नमुना बाद, कारण उडून जाणारे विष त्या बुडबुड्यात शिरते आणि प्रयोगशाळेला पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसते. शेवटी कुपी बर्फात ठेवतात, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती कोणत्या वेळी गेली याचा कागद दस्तखतांनिशी तिच्याबरोबर जातो. पोकळीला जागा मिळाली की सत्य तिच्यात निसटते, ही गोष्ट नीतिग्रंथांनी सांगण्यापूर्वी ही टिचकी नवख्या भूवैज्ञानिकाला शिकवते.

आता या विषाचा मूळ कर्ता कोण आणि भोक्ता कोण, हे पाहू. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स या शहरी विल्यम लव्ह नावाच्या उद्योजकाने 1890 च्या दशकात एक कालवा खणावयास घेतला आणि तो अर्धवट सोडला; हाच लव्ह कॅनॉल. हूकर कंपनीने 1942 पासून दहाएक वर्षे त्या चरात 21,000 टनांहून अधिक रासायनिक टाकाऊ माल पुरला, वर माती लोटली, आणि 1953 साली ती जागा तेथील शिक्षण मंडळाला अवघ्या 1 डॉलरला विकली. खरेदीखतात रसायनांचा उल्लेख करून पुढील इजेची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही, अशी तजवीजही करून ठेवली. तेथे शाळा झाली, भोवती घरे झाली. चराचा तळ चिकणमातीचा असल्याने विषाला खाली वाट फारशी नव्हती. परंतु बांधकामे करताना, गटारे खणताना वरचे आच्छादन फुटले, पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी आत साचत गेले, आणि चर काठोकाठ भरल्यावर ते पृष्ठभागाजवळच्या सैल थरांतून शेजारच्या तळघरांत उतरले. 1978 साली अध्यक्ष कार्टर यांनी तेथे आणीबाणी जाहीर केली, शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली, आणि याच प्रकरणाच्या धक्क्यातून 1980 च्या डिसेंबरात ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. 2004 साली लव्ह कॅनॉलचे नाव त्या कायद्याखालील अग्रक्रमाच्या यादीतून वगळण्यात आले. मात्र पुरलेला माल आजही चिकणमातीच्या आच्छादनाखाली तेथेच आहे. झिरपणारे पाणी गोळा करून शुद्ध करण्याचे काम चालू ठेवावे लागते.

भारतीय दर्शनांनी कर्मविचार मांडताना दोन दोष कटाक्षाने टाळण्याची शिकस्त केली: कृतहानी, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ न मिळताच ते नष्ट होणे, आणि अकृताभ्यागम, म्हणजे न केलेल्या कर्माचे फळ कपाळी येणे. हे दोन्ही दोष शिरले तर विश्वाची नैतिक व्यवस्था ढासळते, असे त्यांचे म्हणणे. लव्ह कॅनॉलच्या तळघरांत मात्र हे दोन्ही दोष एकाच छताखाली नांदत होते. ज्यांनी माल पुरला त्यांना तेव्हा फळ भोगावे लागले नाही, आणि ज्या मुलांचा पुरण्याच्या वेळी जन्मही झाला नव्हता, त्यांच्या खेळण्याच्या अंगणात ते फळ उगवले. येथे कोणी म्हणेल की त्या मुलांचे ते पूर्वजन्मीचे संचित होते. या उत्तराचे खंडन तर्काने करता येत नाही. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. ज्याच्यापाशी खुद्द विषाचा नकाशा आहे, कोणत्या पिंपातून कोणत्या थरातून कोणत्या उताराने ते आले हे ज्याला रेषा ओढून दाखवता येते, त्याच्या पुढ्यात पूर्वसंचिताचा दाखला देणे म्हणजे आरोपीला पुराव्याच्या अभावी सोडून देण्यासारखे आहे, आणि येथे पुराव्याचा अभाव मुळीच नाही. निसर्ग कृतहानी होऊ देत नाही, द्रव्याचा कण न् कण तो जपून ठेवतो. परंतु तो कण कर्त्याच्याच दारी परत नेण्याची हमी निसर्गाने कधीही घेतलेली नाही. कर्ता आणि फळ यांची तुटलेली सांधणी माणसाने, कायद्याने आणि पुराव्याने करावयाची असते.

ती सांधणी किती कष्टाची असते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी या गावी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगांच्या निर्मितीला लागणारे एच-ॲसिड तयार करणारे कारखाने उभे राहिले. सुमारे 375 टन माल निघाला, पण त्यापायी सुमारे 2,400 टन विषारी गाळ उघड्यावर पडला. पावसाने तो धुपून भूगर्भात उतरला, विहिरींचे पाणी काळपट तांबूस झाले, पिण्याच्या आणि शेतीच्या कामाचे राहिले नाही. उत्पादन लवकरच थांबले. पाणी मात्र नासलेलेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून जागेची पाहणी करवली आणि 13 फेब्रुवारी 1996 रोजी निकाल देताना, ज्याने दूषित केले त्यानेच शुद्धीचा खर्च सोसावा हे तत्त्व लागू केले. वसुलीची रक्कम पुढे 37 कोटी 38 लाखांवर ठरली. ती भरण्यास इतकी टाळाटाळ झाली की 2011 साली न्यायालयाला 1997 पासूनच्या 12 टक्के चक्रवाढ व्याजासह ती भरण्याचा हुकूम करावा लागला. कर्माचे फळ चक्रवाढीने वाढते अशी कल्पना कोणत्याही दर्शनात मला आढळलेली नाही. ती न्यायालयाची भर आहे, आणि ती योग्य आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. प्रायश्चित्ताने पाप जाते की नाही, यावर धर्मशास्त्रात मोठा खल झालेला आहे; महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या चौथ्या खंडात तो विस्ताराने मांडला आहे. याज्ञवल्क्याचे म्हणणे असे की, अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने दूर होते. जाणूनबुजून केलेल्या पापाच्या बाबतीत मात्र प्रायश्चित्त घेणारा शास्त्रवचनामुळे फक्त व्यवहारास योग्य ठरतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील विज्ञानेश्वराने या श्लोकावर मिताक्षरेत टीका लिहिताना पापाच्या दोन शक्ती वेगळ्या केल्या आहेत: एक नरकात लोटणारी, दुसरी समाजातील व्यवहार रोखणारी; आणि यांतील दुसरी निवारली तरी पहिली उरू शकते, हे त्याने मान्य केले. नऊशे वर्षांपूर्वीच्या या टीकाकाराचा प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो. पापक्षालनाचे आश्वासन देऊन यजमानाला खूश करणे त्याला कठीण नव्हते.

भूवैज्ञानिक ज्या समारोप-दाखल्यावर सही करतो, त्या दाखल्याचे स्वरूप हेच असते. त्यात ‘जमीन शुद्ध झाली’ असे क्वचितच लिहिता येते. लिहिता येते ते एवढेच की, येथे गोदाम चालेल पण शाळा चालणार नाही, विहीर खणावयाची नाही, आच्छादन फोडावयाचे नाही, आणि इतक्या मुदतीने पाणी तपासावयाचे आहे. दोषाची व्यवहार रोखणारी शक्ती निवारली आहे. दुसरी शक्ती खाली पडून आहे. एका बाबतीत मात्र खडक स्मृतिकारापेक्षा निष्ठुर आहे. अजाणतेपणाची सवलत तो देत नाही. भाबडेपणाने ओतलेले आणि कपटाने ओतलेले विष त्याच्या छिद्रांत सारख्याच गतीने शिरते. सुपरफंडचा कायदा हेतू न विचारता मागील कृत्यांचीही जबाबदारी लादतो, तेव्हा तो खडकाचेच शास्त्र अंगीकारतो असे म्हणावे लागेल.

या भूवैज्ञानिकाचा स्वतःचा धर्म कोणता, हेही विचारले पाहिजे, कारण तो आयुष्यभर दुसऱ्याच्या पापाचे प्रायश्चित्त वेतन घेऊन करतो, आणि पुष्कळदा ते वेतन खुद्द पाप करणाऱ्याकडूनच येते. विहीर थोडी चढाच्या बाजूला खणली, नमुना पावसाळ्यानंतर पाणी वाढलेले असताना घेतला, उपकरणाची तपासणी-मर्यादा थोडी सैल ठेवली, की एकही खोटा आकडा न लिहिता अहवालात ‘आढळले नाही’ असा शेरा उतरवता येतो. जमीन पूर्ववत करणे त्याच्या हाती बहुधा नसते; ज्याला पूर्ववत करता येत नाही त्याला पूर्ववत न म्हणणे हे मात्र सर्वस्वी त्याच्या हाती असते. दोषाचा संपूर्ण नाश होत नाही, असे मला आता निश्चितपणे वाटते. त्याची खरी नोंद ठेवणे, त्याची वाट अडवणे आणि त्याचा खर्च कर्त्याकडून वसूल करणे एवढेच शुद्धीचे मानवी रूप आहे, आणि ते कमी महत्त्वाचे नाही.

म्हणून शेवटी एक व्यवहाराची विनंती. केंद्र सरकारने 2025 साली दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले आहेत. बंद पडलेल्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनींवर ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि अन्यत्र नवी बांधकामे उठत आहेत, आणि घर घेणारा मनुष्य बोजा आहे की नाही हे पाहण्यासाठी सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढतो. त्या जमिनीखाली काय पुरले होते, ती कोणत्या अटींवर व्यवहारयोग्य ठरवली गेली आणि तिची विहीर वापरावयाची की नाही, हेही त्याच कागदाच्या ‘इतर हक्क’ रकान्यात लिहिले गेले पाहिजे. बँकेचे कर्ज तेथे लिहिले जाते. भूमीचे कर्जही लिहावे, आणि घर घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी ते मागून वाचावे.