महिना एक रुपया दंड

सुतारकाका घरी कपाट करायला आले, तेव्हा लेकीला शाळेतून काढून चार महिने झाले होते. कोनाड्याचं माप तिनं घेतलं. चोवीस इंच. आतली फळीही तेवढीच कापा, म्हणाली. काकांनी विचारलं, "आणि बाजूच्या फळ्या कुठं बसवू गं बाळा?" प्लाय सहा सुताचा, आठ सुतांचा एक इंच. तिनं भिंतीवरच पेन्सिलीनं मांडलं: दोन्ही बाजूंचे मिळून बारा सूत, म्हणजे दीड इंच. "साडेबावीस!" काकांनी टेप आणि पेन्सिल तिच्या हातात दिली आणि खूण तिलाच करू दिली. याच मुलीची अपूर्णांकांची वही शाळेत लाल फुल्यांनी भरलेली असे.

हा प्रसंग मी पुढं कितीतरी जणांना सांगितला. घरी शिकवायचा निर्णय बरोबर ठरला, याचा तो माझ्यापुरता पुरावा होता. पण शिकवलं होतं सुतारकाकांनी. आणि त्यांना मी कपाटासाठी बोलावलं होतं, शिकवायला नव्हे.

दुसरा प्रसंग मी फारसा कुणाला सांगत नाही. लेक अकरा वर्षांची असताना आम्ही स्वारगेटला बसची वाट बघत उभ्या होतो. समोरून येणाऱ्या बसची पाटी तिला वाचता येईना. डोळे तपासले तर दोन्ही डोळ्यांना चांगला मोठा नंबर निघाला. दोन वर्षं आम्ही एकाच टेबलाशी खांद्याला खांदा लावून बसत होतो आणि तिचं सगळं जग हातभर अंतरावर होतं. वर्गात असती तर फळा दिसत नाही म्हणून ती शेजारणीच्या वहीत डोकावली असती आणि बाईंच्या ते लगेच लक्षात आलं असतं. मला ते दिसलं नाही. इतक्या जवळून बघणाऱ्याला दिसत नाही असंही काही असतं.

त्यानंतर मी शाहू महाराजांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं केली होती. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये ती प्रत्यक्षात आली. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड! मुलाच्या शिकण्याआड खुद्द आईबापही येऊ शकतात, हे महाराजांना पक्कं ठाऊक होतं.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य मानतो, पण ते न केल्यास शिक्षा काय, हे सांगत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. आमच्यासारख्यांचा उल्लेख त्यात कुठंच नाही. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेची परीक्षा देता येते. मधली वर्षं मात्र कुणी काही विचारत नाही. आमच्या वर्तुळातले बहुतेक पालक याला स्वातंत्र्य म्हणतात. मला आता ते पटत नाही.

मी नोकरी सोडू शकले, कारण नवऱ्याच्या पगारात घर चालत होतं. उसाच्या फडाशेजारी कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली मुलगीही माझ्या लेकीच्याच वयाची. तीही घरीच असते. तिचं शिक्षण सुटतं, माझ्या लेकीचं होमस्कूलिंग होतं. "आमचं मूल, आम्ही बघू" हे वाक्य माझ्या तोंडी जितकं शोभतं तितकंच ते तिच्या बापाच्याही तोंडी शोभेल. मग तिच्या बाजूनं कुणी बोलायचं?

फ्रान्समध्ये मूल घरी शिकवायचं तर २०२२ पासून आधी परवानगी काढावी लागते आणि वर्षाला तपासणी होते. परवानगीची अट मला जाचक वाटते. तपासणी मात्र हवी. लेकीला घरी शिकवण्याचा हक्क मला हवाच आहे, तिनं या वर्षांत जे मिळवलं ते मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. पण वर्षातून एकदा कुणीतरी तिऱ्हाईत बाईंनी आमच्या घरी यावं. तिला लांबची पाटी वाचायला लावावी, मैत्रिणी किती आहेत ते विचारावं, शाळेत परत जावंसं वाटतं का तेही विचारावं. आणि ते विचारताना मी समोर नसावं. मी आत चहा टाकत असेन.