परकी भाषा कोणती शिकावी : निवडीचा आधार

महाराष्ट्रातल्या अनेक माध्यमिक शाळांत आठवीत जाताना विद्यार्थ्याला भाषेची निवड करावी लागते. संपूर्ण संस्कृत, की हिंदी-संस्कृत संयुक्त. काही शाळांत त्यांच्या जोडीला फ्रेंच किंवा जर्मन. अकरावीला हाच प्रसंग पुन्हा येतो आणि तेव्हा विज्ञान शाखेचे कितीतरी विद्यार्थी फ्रेंचचे एक अक्षरही कानावर पडलेले नसताना फ्रेंच घेतात, कारण तो विषय ‘स्कोअरिंग’ मानला जातो. घरात जी चर्चा होते ती गुण, पुढची नोकरी आणि मोठ्या बहिणीने काय घेतले होते, एवढ्यावर आटोपते. पण या साध्या दिसणाऱ्या निवडीखाली तत्त्वज्ञानाचा एक जुना पेच आहे : जे अद्याप ठाऊकच नाही, ते निवडायचे कशाच्या जोरावर?

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात हा पेच ज्ञानाबद्दल मांडलेला आहे. एखादी गोष्ट माहीत असेल तर तिचा शोध घेण्याचे कारण नाही, आणि माहीत नसेल तर ती सापडली तरी ओळखायची कशी? भाषेच्या बाबतीत तो अधिक टोकदार होतो, कारण इथे शिकणारा जसा होता तसा राहत नाही. जर्मन विचारवंत विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट याच्या मते प्रत्येक भाषेत जगाकडे पाहण्याची एक रीत असते आणि परकी भाषा शिकणे म्हणजे पाहण्याची नवी जागा मिळवणे. हा विचार मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३६ साली प्रसिद्ध झाला. हुम्बोल्टला उद्धृत करणारे बहुधा एवढ्यावरच थांबतात. त्याने लगेच पुढे घातलेली मर्यादा मात्र महत्त्वाची आहे : माणूस आपली मूळ भाषा आणि तिची दृष्टी बरोबर घेऊनच नव्या भाषेत शिरतो, म्हणून ही नवी जागा कधीच पुरती हाती लागत नाही. तरीही त्याचे म्हणणे अर्धे जरी मान्य केले, तरी तेरा वर्षांचे मूल जी भाषा निवडते तिचे मोल जोखण्याची दृष्टी त्याला ती भाषा शिकल्यावरच येणार, हे उघड आहे. त्यातून निवड बहुतेक वेळा पालक करतात, म्हणजे न जाणणारा एक जण न जाणणाऱ्या दुसऱ्यासाठी निर्णय घेतो.

या अडचणीतून सुटण्याचा सर्वमान्य मार्ग म्हणजे उपयोग पाहणे. हा मार्ग दिसतो तितका पक्का नाही. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांत १९१५च्या सुमारास जवळजवळ चौथा हिस्सा विद्यार्थी जर्मन शिकत होते. विज्ञानाची आणि विद्यापीठांची ती भाषा होती. महायुद्धाने हे चित्र पालटले आणि १९२२पर्यंत ते प्रमाण एका टक्क्याच्याही खाली गेले. नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून आठवी पूर्ण होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवण्यास बंदी घातली. एका ल्युथरन शाळेतला मायर नावाचा शिक्षक दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टींचे जर्मन पुस्तक वाचायला शिकवत होता. त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. गंमत अशी की, राज्याच्या न्यायालयाने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या जुन्या भाषांना या बंदीतून वगळले. भीती जिवंत बोलणाऱ्यांची होती. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मायरची शिक्षा रद्द केली. निकालपत्रात स्पार्टाचा आणि प्लेटोच्या आदर्श राज्याचा उल्लेख येतो. मुले आईबापांकडून काढून घेऊन राज्याने वाढवावीत, ही त्या दोहोंमागची कल्पना अमेरिकी राज्यघटनेशी मुळीच जुळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिकवण्याचा शिक्षकाचा हक्क आणि शिकवून घेण्याचा पालकांचा हक्क मान्य झाला. त्या दहा वर्षांच्या मुलाची पसंती काय होती, याचा विचार मात्र निकालात नाही.

भारतातही केंद्रीय विद्यालयांत तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन २०१४च्या ऑक्टोबरात, शैक्षणिक वर्ष अर्धे सरलेले असताना बाजूला सारण्याचा आणि तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. उपयोगाचा हिशेब करून भाषा निवडणारा पालक पंधरा वर्षांनंतरच्या राजकारणाचे आणि व्यापाराचे भाकीत करत असतो. हे भाकीत चुकले तर दोष त्याचा नव्हे. पण भाकिताला शिक्षणाचा आधार म्हणणेही बरोबर नाही.

शाळेतली ही निवड नवी असली, तरी परक्यांची भाषा शिकावी का, कोणती आणि कशासाठी, हा वाद धर्मपरंपरांत फार पूर्वीच होऊन गेला आहे. पूर्वमीमांसेतला, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रातला वाद यात सर्वांत सूक्ष्म. वेदांत पिक, नेम, सत, तामरस असे काही शब्द येतात, जे आर्यांच्या व्यवहारात नाहीत, पण म्लेच्छांच्या बोलण्यात आहेत. त्यांचा अर्थ व्याकरणाच्या जोरावर घरबसल्या जुळवायचा, की म्लेच्छांना विचारायचा? मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी यांचा निर्णय स्पष्ट आहे : शास्त्राशी विरोध येत नसेल तर म्लेच्छांचाच अर्थ घ्यावा. पिक म्हणजे कोकीळ. पक्ष्यांच्या बाबतीत म्लेच्छांचा शब्द प्रमाण का मानावा, याचे त्यांनी दिलेले कारणही रोखठोक आहे. पक्षी पकडण्यात आणि पाळण्यात ते लोक अधिक जाणकार आहेत. प्रत्यक्ष वेदवाक्याच्या अर्थासाठी पारध्याचा शब्द प्रमाण धरणारी ही भूमिका सोवळ्या परंपरेच्या ऐन गाभ्यात बसलेली आहे, हे विसरले जाते. पुढे कुमारिल भट्टांनी द्राविड शब्द ओढूनताणून संस्कृतात बसवणाऱ्यांची खिल्ली उडवली. भात या अर्थाच्या ‘चोर्’ शब्दाला संस्कृत ‘चोर’ करून टाकणारे हे लोक पारसी, यवन आणि रोमक भाषांपुढे काय करणार, असे ते विचारतात.

यहुदी परंपरेत प्रश्न ग्रीकचा होता. बाबिलोनी तालमूदमध्ये मुलाला ग्रीक विद्या शिकवणाऱ्याला शाप आहे. पण तिथेच ग्रीक भाषा वेगळी आणि ग्रीक विद्या वेगळी, असा भेद केलेला आहे, आणि रब्बान गमलिएलच्या घराण्याला राजदरबाराशी संबंध ठेवावा लागतो म्हणून सवलतही आहे. बेन दामा नावाचा भाचा मामाला, म्हणजे रब्बी इश्माएलला विचारतो, सगळा तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, माझा शिकून झाला, आता ग्रीक विद्या शिकू का? मामा सांगतो, तोराचे चिंतन रात्रंदिवस करायचे आहे. दिवसही नाही आणि रात्रही नाही अशी वेळ सापडली तर त्या वेळी शीक. इस्लामच्या परंपरेत याउलट हदीस आहे : यहुद्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात दुसऱ्यावर विसंबावे लागू नये म्हणून पैगंबरांनी झैद इब्न साबित यांना त्यांचे लेखन शिकायला सांगितले, आणि त्यांनी ते पंधरवड्यात आत्मसात केले.

या तिन्ही ठिकाणी कोणती भाषा श्रेष्ठ, हा प्रश्न नाही. कोणाचे म्हणणे समजून घेण्याची गरज आहे, हा प्रश्न आहे. पक्षी जाणणाऱ्याचे, राज्यकर्त्याचे, पत्र धाडणाऱ्याचे. भाषेची थोरवी, गोडवा, शास्त्रशुद्धता या कसोट्यांवर कधीच एकमत होत नाही, कारण त्या कसोट्या आपल्याच भाषेतून घडवलेल्या असतात. ‘कोणाचे ऐकायचे आहे’ याचे उत्तर मात्र भाषा येत नसतानाही देता येते. मेनोच्या पेचातून निघण्याची ही वाट अधिक भरवशाची.

महाराष्ट्र-गोव्यात याची दोन ठळक उदाहरणे जवळजवळ एकाच काळात घडली. पंडिता रमाबाई संस्कृतात पारंगत होत्या, इंग्रजी जाणत होत्या. ख्रिस्ती झाल्यानंतर त्यांना बायबल मूळ भाषांतून वाचायचे होते आणि खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत आणायचे होते. तोवरच्या मराठी बायबलची भाषा त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या छापखान्यात बायकाच हे काम करत. १९२२ साली रमाबाई वारल्या, त्याच्या आधी भाषांतर पुरे झाले आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. दुसरे धर्मानंद कोसंबी, गोव्यातल्या साखवाळचे. ‘बालबोधमेवा’ या मराठी मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्यांना बुद्धाचे मूळ म्हणणे काय, हे जाणायची तळमळ लागली. आधी पुणे, मग काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग नेपाळ. तिथे निराशा झाल्यावर १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि सुमंगलाचार्यांकडे पाली शिकले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी तीच भाषा शिकवली. बाजारभावाने पाहिले तर हिब्रू काय, पाली काय, त्या काळी मराठी माणसाला एका पैशाच्या उपयोगाच्या नव्हत्या.

अर्थात आठवीतल्या प्रत्येक मुलाला अशी तळमळ नसते, आणि ती असावी अशी अपेक्षा धरणे हा मोठ्यांचा भाबडेपणा होईल. संत ऑगस्टिनचा अनुभव इथे अधिक उपयोगी आहे. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात तो सांगतो की, लॅटिन तो दायांच्या लाडात आणि हसण्याखेळण्यात शिकला, ग्रीक मात्र छडीच्या धाकाने, आणि होमर त्याला कडू लागला. भाषा शिकायला धाकापेक्षा मोकळे कुतूहल अधिक कामी येते, हा त्याचा निष्कर्ष. त्याचे ग्रीक जन्मभर कच्चेच राहिले. आणि याच माणसाने पुढे धर्मग्रंथाच्या अभ्यासकांना बजावले की, लॅटिन भाषांतरे ताडून पाहायची तर हिब्रू आणि ग्रीक यायला हवे.

म्हणून पर्यायांचा कागद घरी पाठवण्याआधी शाळेने प्रत्येक भाषेचे चार-सहा तास सगळ्या मुलांना द्यावेत : एखादे गाणे, एखादी गोष्ट, ती भाषा बोलणारी माणसे कुठे राहतात आणि काय करतात याची ओळख. त्यानंतर मुलाने स्वतः नाव सांगावे. शिक्षक कसा आहे, हेही पाहावे : ज्या शाळेत जर्मनचा चांगला, टिकून राहणारा शिक्षक आहे आणि फ्रेंचचा दर वर्षी बदलतो, तिथे जर्मन घेणे शहाणपणाचे, मग बाजार काहीही म्हणो. केवळ गुणांसाठी भाषा घेण्याचे समर्थन मात्र यातल्या कोणत्याच विचारात सापडत नाही. ती निवड भाषेची नसतेच, गुणपत्रिकेची असते.