विद्येसाठी मागणे

‘अर्ज’ हा शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आला आणि दरबारी लिखापढीत रुळला. मूळ अर्थ विनंती एवढाच. परंतु मराठी माणसाच्या कानाला त्यात वाकलेल्या मानेचा भास होतो. नोकरीचा अर्ज, रजेचा अर्ज, बदलीचा अर्ज यांची आपल्याला सवय आहे. मात्र मुलाच्या शिक्षणासाठी आर्थिक साहाय्याचा अर्ज करण्याची वेळ आली की चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही आवाज खाली येतो. कागद गुपचूप गोळा होतात, आणि साहाय्य मिळालेच तर नातेवाइकांत त्याची वाच्यता होत नाही. विद्येसाठी मागणे हे खरोखरच कमीपणाचे आहे काय, आणि मागणाऱ्याने व देणाऱ्याने एकमेकांशी कोणत्या सचोटीने वागावे, या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपल्या परंपरेत विद्यार्थ्याचे मागणे निंद्य मानलेले नव्हते. मुंज झालेल्या बटूने ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत पहिली भिक्षा आईपाशी मागायची, हा संस्कार आपल्या घरांतून आजही होतो. पुण्याकडे एके काळी माधुकरी मागून आणि वार लावून शेकडो मुले शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे बांधून घ्यायची आणि उरलेला वेळ अभ्यासाला द्यायचा. या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा विसरू नयेत. ती बव्हंशी एकाच जातीतील मुलग्यांपुरती होती, आणि जेवणाऱ्याला पंक्तीतील आपली पायरीही रोज कळत असे. तरीही एक गोष्ट त्या काळाने मान्य केली होती: शिकणाऱ्याचा भार समाजाने उचलायचा असतो आणि उचलून घेणाऱ्याची अब्रू त्याने जात नाही.

मग आपली मान अवघडली केव्हा? आम्हांस वाटते, याचे एक कारण आपल्या स्थलांतरात दडलेले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे आलेली मराठी घराणी बहुधा संस्थानांच्या चाकरीत आली. कोणी फडणिशीत, कोणी पागेत, कोणी शाळाखात्यात. परमुलखात प्रतिष्ठा टिकवायची तर हात पसरायचा नाही, हा धडा पहिल्या पिढीने गिरवला. संस्थाने विलीन झाली, वाड्यांच्या वाटण्या झाल्या, पुढे काही वाड्यांच्या जागी सदनिका आल्या. पण ‘आपल्या घराण्यात कोणी कोणापुढे हात पसरला नाही’ हे वाक्य तसेच राहिले. ते अभिमानाने उच्चारले जाते आणि त्यातील स्वावलंबनाचा अंश आदरणीयही आहे.

परंतु या वाक्याचा हिशेब कोणी मांडत नाही. बाहेर न मागणारे घर बहुतेक वेळा आतच कोणाकडून तरी वसूल करीत असते. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उदाहरण घ्या. वडिलांच्या मृत्यूनंतर थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून नोकरीस लागले आणि आपल्या १५ रुपयांच्या पगारातून दरमहा ८ रुपये गोपाळरावांना पाठवू लागले. त्या ८ रुपयांसाठी कोठे अर्ज करावा लागला नाही. पण एका भावाचे शिकणे थांबले तेव्हा दुसऱ्याचे चालू राहिले. गोविंदरावांचा त्याग थोर होता, आणि गोखल्यांनी आयुष्यभर त्याचे ऋण मानले. प्रत्येक घरातील गोविंदरावांची मात्र कोणी आठवण ठेवत नाही. आपल्या परिचयाच्या घरांत ही किंमत कोणी मोजली, ते वाचकांनी आठवून पाहावे. मुलाला अभियांत्रिकीला बाहेरगावी पाठवायचे म्हणून मुलीला गावातल्याच महाविद्यालयात बी. ए. ला घातले गेले. तिच्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरता आला असता. तो भरला गेला नाही, कारण लोक काय म्हणतील! अशा वेळी घराचा अभिमान राखण्याचा खर्च तिने केलेला असतो, आणि तो तिला विचारून केलेला नसतो. ज्या अभिमानाची किंमत दुसरा देतो, त्याला स्वाभिमान म्हणणे आम्हांस कठीण वाटते.

आता नाण्याची दुसरी बाजू. गरज असून न मागणारे जसे आहेत, तसे गरज नसून मागणारेही आहेत. गुजरातेत २०१५ साली मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना सुरू झाली तेव्हा बारावीला ८० पर्सेंटाइल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत, अशी अट तिला होती. अशी रेषा कोठे तरी ओढावीच लागते, आणि ओढली की तिच्या दोन्ही बाजूंना मोह उभा राहतो. पगारदाराचे उत्पन्न कागदावर स्पष्ट असते. ज्याचा धंदा रोखीचा, त्याचे उत्पन्न तो सांगेल तेवढे. मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढताना आकडा किंचित खाली आणण्याची युक्ती सांगणारे हितचिंतक सर्वत्र भेटतात. ‘सगळेच करतात, सरकारचेच पैसे आहेत,’ असे त्यावर समर्थन असते.

हे समर्थन टिकत नाही. साहाय्याची रक्कम किंवा लाभार्थींची संख्या ठरलेली असते तेथे खोटा अर्ज सरकारला फसवून थांबत नाही. यादीच्या तळाशी असलेल्या एका खऱ्या गरजवंताला तो बाहेर ढकलतो. त्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक नसते, म्हणून अपराध हलका वाटतो, एवढेच. शिवाय ज्या मुलाच्या भविष्यासाठी हे केले जाते, त्याच्याच सहीने ते होते. अठराव्या वर्षी, विद्येच्या उंबरठ्यावर, बापाच्या सांगण्यावरून त्याने पहिली सही असत्याखाली केली. पुढे त्याला मिळालेली पदवी कोणत्या पायावर उभी आहे?

गरज लपवणारा आणि सुस्थिती लपवणारा ही आपल्याला दोन टोके वाटतात. एकाला आपण मानी म्हणतो आणि दुसऱ्याला लबाड. पण दोघेही आपली खरी परिस्थिती सांगावयास तयार नाहीत, आणि दोघांच्या असत्याचा भार तिसऱ्यावर पडतो. म्हणून साहाय्याच्या अर्जाकडे आम्ही सत्यकथनाची एक कसोटी म्हणून पाहतो. आमच्यापाशी इतके आहे, इतके नाही आणि इतके हवे आहे, असे तीन वाक्यांत ताठ मानेने सांगता येणे, यात लाचारी कसली?

यावर कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती नको, आम्ही कर्ज काढू; ते फेडायचे असते, त्यात मिंधेपणा नाही. या भूमिकेत तथ्य आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापन केला, तोही कर्जाऊ शिष्यवृत्तीचाच होता. परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी शिकावा, ही त्यामागील योजना. परंतु कर्ज म्हणजे कोणाचेही साहाय्य न घेणे, ही समजूत चुकीची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण वा जामीनदार न मागता कर्ज देण्याची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होण्यापूर्वीच्या काळासाठी, व्याजात ३ टक्के सवलत आहे, आणि ती वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. तारणाची जोखीम आणि व्याजाचा काही भाग जेथे समाज उचलतो, तेथे कर्जदारही समाजाचा साहाय्यित आहेच.

कर्जाचा आणखी एक परिणाम आपण नजरेआड करतो. ते विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवते. एम. ए. होता होता आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्या पैशावर संतोष मानून लोकांच्या कामी आयुष्य घालवणार आहे. त्यांच्या डोक्यावर दरमहा हप्त्यांचे ओझे असते तर ते पत्र लिहिणे किती अवघड गेले असते, याची कल्पना करावी. ज्याला शिक्षक व्हावयाचे आहे, संशोधन करावयाचे आहे, खेड्यात दवाखाना थाटावयाचा आहे, त्याला केवळ कर्जाच्या भरवशावर शिकविणे म्हणजे त्याच्या निवडीवर आधीच बोजा चढविणे होय. म्हणून कर्ज मानाचे आणि शिष्यवृत्ती अपमानाची, ही प्रतवारी आम्हांस मान्य नाही.

येथवर मागणाऱ्याचा विचार झाला. परंतु सत्य सांगण्याची अपेक्षा करावयाची, तर ते सांगण्याजोगी जागाही समाजाने निर्माण केली पाहिजे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा आपण जाणतो. हारिद्रुमत गौतमाकडे शिकण्यास गेलेल्या या मुलाला गोत्र विचारले गेले. त्याने आईने सांगितले तेच सांगितले: ते तिला ठाऊक नाही, मी जबालेचा पुत्र सत्यकाम. गौतमाने त्या खरेपणावरच त्याला शिष्य केले. या कथेत धैर्य एकट्या सत्यकामाचे नाही. सत्य ऐकून दार न लावणाऱ्या गुरूचेही ते आहे.

आता आपल्याच बडोद्याचा इतिहास पाहू. महाराज सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना बी. ए. च्या काळात दरमहा २५ रुपये दिले, आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यासोबत होता. भारताच्या इतिहासात इतके फलद्रूप झालेले दुसरे शैक्षणिक साहाय्य दाखविणे अवघड जाईल. त्याचा आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. पण कथेचा उत्तरार्ध आपण हळूच गाळतो. करार पाळण्यासाठी १९१७ साली हा विद्वान बडोद्यास आला, तेव्हा त्याला राहण्यास जागा मिळाली नाही. पारशांच्या एका उतारगृहात पारशी नाव नोंदवून त्याला राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि तेथूनही त्याला बाहेर पडावे लागले. कामाठी बागेत काही तास काढून रात्रीच्या गाडीने तो मुंबईस निघून गेला. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

राजाने पैसा दिला. नगराने खोली दिली नाही. आणि जो पुढे आयुष्यभर स्पष्टपणे बोलला, त्याला आपले नाव लपवावे लागले. त्या असत्याचा दोष त्याच्याकडे जात नाही, ज्या गावात सत्याला दार बंद होते त्या गावाकडे जातो. साहाय्य देणाऱ्या प्रत्येक संस्थेने हा प्रसंग समोर ठेवावा असे आम्हांस वाटते.

आज काठ्या नाहीत. सौम्य रूपे आहेत. आपल्या मंडळांचे शिक्षणनिधी कसे वाटले जातात ते पाहा. व्यासपीठावर मुलाचे नाव, बापाचा व्यवसाय आणि घरची परिस्थिती ध्वनिक्षेपकावरून सांगितली जाते, धनादेशासह छायाचित्र निघते, ते स्मरणिकेत छापले जाते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्या छायाचित्राच्या भीतीने किती मुलांनी अर्जच केला नसेल, त्याची नोंद कोठेच होत नाही. दुसरे असे की पुष्कळ निधी फक्त ९० टक्क्यांवरील गुणांना दिले जातात. ते पारितोषिक झाले, साहाय्य नव्हे. पारितोषिक जरूर द्यावे, आणि व्यासपीठावर वाजतगाजत द्यावे. परंतु गुणांमध्येही शिकवणीचे पैसे, स्वतंत्र खोली आणि घरातील पुस्तके यांचा वाटा असतो. जिच्याकडे यांतले काहीच नव्हते तिचे ६८ टक्के गरज म्हणून तपासले जावेत, प्रावीण्य म्हणून नव्हे. तिसरे म्हणजे वेळ. शुल्क आषाढात भरावयाचे आणि साहाय्य फाल्गुनात मिळावयाचे, तर मधले आठ महिने ज्याला उसनवारी जमते तोच टिकतो. खरा निर्धन त्याआधीच गळालेला असतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मंडळांनी आवश्यक तेवढेच कागद मागावेत, दोन-तीन विश्वासू सभासदांनी ते पाहावेत, नावे गुप्त ठेवावीत, आणि रक्कम शुल्काच्या तारखेपूर्वी परस्पर महाविद्यालयात भरावी. आणि सुस्थितीतील घरांनी निधीस देणगी देताना आपले नाव फलकावर येईल की नाही, हे विचारू नये. घेणाऱ्याकडून सत्याची अपेक्षा करणाऱ्याने स्वतःकडून एवढ्या संयमाची अपेक्षा करावी.

घेणाऱ्याने काय करावे? आपल्या शास्त्रांनी माणूस ऋणे घेऊनच जन्मतो असे मानले, आणि त्यांतील ऋषिऋण फेडण्याचा मार्ग सांगितला तो अध्ययनाचा. जे ज्ञान मिळाले ते आत्मसात करून पुढे द्यावे. ज्याने दिले त्याच्याच हाती ते परत ठेवता येत नाही. तो बहुधा हयातही नसतो. विद्येसाठी घेतलेल्या साहाय्याचे हेच खरे. त्याची फेड देणाऱ्यापुढे जन्मभर वाकण्यात होत नाही. ती पुढच्या अर्जदाराचे कागद आपल्या हाती येतात, तेव्हा होते.

या आषाढातही कोणाच्या तरी घरात तो कोरा अर्ज टेबलावर पडून असेल. वडील वर्तमानपत्र वाचत असतील आणि मुलगी विषय कसा काढावा, या विचारात असेल. तो विषय वडिलांनीच काढावा, एवढेच आम्ही सुचवितो. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, ते मुलीला मोकळेपणाने सांगावे, आकडे खरे भरावेत, आणि सही करताना मान खाली घालू नये.