ऑर्कला शरण येता येते का?

हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फ लेगोलास आणि ड्वार्फ गिम्ली यांची चढाओढ लागते: कोण जास्त शत्रू मारतो. रात्र सरल्यावर हिशेब होतो, तेव्हा लेगोलासचे ४१ आणि गिम्लीचे ४२ भरतात. मोजणीतले बहुतेक ऑर्कच, म्हणजे शत्रूच्या फौजेतले राक्षसी जीव. जे. आर. आर. टॉल्कीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला (१९५४-५५) हा भाग वाचकाला हसवतो, खुपत नाही. पण त्याच लढाईत शत्रूच्या बाजूने डनलँडची डोंगरी माणसेही लढलेली असतात. ती शस्त्रे टाकतात, त्यांना अभय मिळते, पडझडीची डागडुजी करून आणि पुन्हा चाल न करण्याची शपथ घेऊन ती घरी जातात. ऑर्क मात्र जिवाच्या आकांताने पळतात, वाट अडवून उभ्या राहिलेल्या झाडांच्या अंधारात शिरतात आणि त्यांतला एकही परत दिसत नाही. पुढे इथिलियन प्रांतात एक दक्षिणेकडचा सैनिक कथानायक फ्रोडोचा सोबती सॅम याच्या समोर मरून पडतो. याचे नाव काय असेल, हा खरेच दुष्ट होता की कुणाच्या थापांमुळे, धाकामुळे इतक्या दूर आला, असे सॅमच्या मनात येते. ऑर्कच्या प्रेतापाशी कुणी असे थबकत नाही. दया कुणाच्या वाट्याला यावी, हे इथे जातकुळी पाहून ठरले आहे.

कथेने पूर्वग्रह दाखवणे वेगळे आणि कथेनेच तो रचणे वेगळे. हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकात जादू मंत्रालयातले कारंजे आहे. तिथे सेंटॉर, गॉब्लिन आणि घरकाम करणारा एल्फ यांचे सोन्याचे पुतळे जादूगारांच्या पुतळ्यांकडे भक्तिभावाने पाहत असतात. ते कारंजे खोटे बोलत होते, असे हॅरीचा मुख्याध्यापक डम्बलडोर शेवटी स्पष्ट सांगतो. तिथे पूर्वग्रहाला पूर्वग्रह म्हटले जाते, म्हणून वाचकाला त्यापासून लांब उभे राहता येते. ऑर्कबाबत तशी सोय नाही. त्यांच्याविषयीचे मत एखाद्या पात्राच्या डोक्यात राहत नाही, ते सृष्टीच्या घडणीतच बसवलेले असते. आणि जगच तसे असेल तर त्या मताला ज्ञान म्हणावे लागते. म्हणून प्रश्न साहित्याचा राहत नाही, धर्मशास्त्राचा होतो: विचार करणारा, बोलणारा जीव जन्मतः आणि सुटकेविना दुष्ट असू शकतो का?

टॉल्कीन निष्ठावान कॅथलिक होते, आणि त्यांच्या परंपरेचे उत्तर ‘नाही’ असे आहे. संत ऑगस्टीनच्या मते दुष्टपणाला स्वतःचे अस्तित्व नाही. जे चांगले आहे त्याची झीज म्हणजे दुष्टपणा. तो निर्माण करू शकत नाही, फक्त बिघडवू शकतो. फ्रोडोही सॅमला हेच सांगतो. मग ऑर्क आले कुठून? ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) ज्ञानी लोकांचा समज नोंदवला आहे: कैद केलेल्या एल्फांना छळून, विकृत करून त्यांची पैदास झाली. पण जो मुळात चांगल्याचाच अंश आहे, त्याला परतीची वाट कायमची कशी बंद होईल? हा पेच टॉल्कीन यांना सुटला नाही. उत्तरायुष्यातल्या टिपणांत ते कधी ऑर्कना पढवलेल्या पोपटासारखे बोलणारे पशू मानून पाहतात, तर कधी भ्रष्ट केलेली माणसे. त्याच टिपणांत एक नियमही येतो: कैदी ऑर्कचा छळ करू नये, आणि ऑर्कने दयेची याचना केली तर किंमत मोजूनही ती द्यावी. नियम स्वच्छ आहे. कादंबरीत तो पाळण्याची वेळ मात्र कुणावर येत नाही.

कसोटी कोणती लावायची, हेही त्या परंपरेने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. दूरदेशी चित्रविचित्र शरीरांची माणसे राहतात, अशा वार्ता ऑगस्टीनच्या कानी होत्या. त्याने निवाडा दिला की अशी माणसे खरीच असली आणि त्यांना विवेक असला, तर रूप काहीही असो, ती आदमचीच लेकरे. नवव्या शतकात कुत्र्याच्या तोंडाच्या माणसांविषयी विचारणा झाली, तेव्हा रात्राम्नुस या भिक्षूने त्यांच्या थोबाडाकडे पाहिले नाही. ती वस्ती करून राहतात, शेती करतात, लाज झाकतात, म्हणजे ती माणसेच असावीत, असा त्याचा कौल होता. हीच कसोटी शाग्रात आणि गोर्बाग या दोन ऑर्कना लावून पाहा. ते वरिष्ठांच्या नावाने कुरकुरतात, लढाई संपल्यावर चार भरवशाचे गडी घेऊन, कुणी साहेब डोक्यावर नसेल अशा ठिकाणी निघून जाण्याचे बेत करतात. सोबत्याला मागे टाकून जाणाऱ्याला गोर्बाग नावे ठेवतो. पोपटाला असे बेत सुचत नाहीत, आणि निष्ठा नावाची गोष्ट ठाऊकच नसेल तर दुसऱ्याच्या बेइमानीवर बोट ठेवता येत नाही.

यावर तीन आक्षेप येतील. पहिला, ऑर्क काल्पनिक आहेत, त्यात कुणाचे काय बिघडले? पण कल्पनेलाही रंग याच जगातून आणावे लागतात. १९५८च्या एका पत्रात टॉल्कीन यांनी ऑर्कच्या रूपाचे वर्णन करताना, युरोपीय नजरेला कुरूप वाटणाऱ्या मंगोल चेहऱ्यांचा दाखला दिला. पुराणातले दैत्य म्हणजे इथले मूळ रहिवासी, अशी मांडणी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) केली. ती इतिहास म्हणून कशी ठरते हा वाद वेगळा; कथेतल्या राक्षसात कुणाला आपला पूर्वज दिसू शकतो, एवढे त्यातून नक्की कळते. दुसरा आक्षेप: ऑर्क हे आपल्याच आतल्या दुष्टपणाचे प्रतीक आहेत. पण प्रतीक साहेबाला कंटाळत नाही. कंटाळा आला की ते पात्र झाले, आणि पात्राला न्याय द्यावा लागतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ऑर्क खरोखरच गावे जाळतात, मग हा पूर्वग्रह कसा, हा तर अनुभव. मात्र हा अनुभव रणांगणावरचा आणि मार्गावरचा आहे. ऑर्कचे घर किंवा मूल कादंबरीत आपल्याला दिसत नाही, दिसते ते चाबकाखाली हाकलेले सैन्य. चालून आलेल्याशी लढावेच लागते. त्यावरून त्याच्या अख्ख्या वंशाचा निकाल लावता येत नाही.

वाल्मीकींच्या युद्धकांडात बिभीषण रामाकडे येतो, तेव्हा सुग्रीवाचा आक्षेप नेमका हाच असतो: हा राक्षस, शत्रूचा भाऊ, हेर असणार, मारून टाकावा. बिभीषण राक्षसांतला सज्जन अपवाद आहे, एवढ्यावर राम आपला निर्णय टेकवत नाही. शरण आलेल्याला अभय द्यायचे, मग तो खुद्द रावण का असेना, असे तो म्हणतो. त्या महाकाव्यातही राक्षस हजारोंनी मरतात. तरी शरण येणाऱ्यासाठी कथेने एक दार उघडे ठेवले आहे आणि त्यातून एक राक्षस आत आलेला आपण पाहतो. टॉल्कीन यांनाही ते दार माहीत होते. त्यांनी ते टिपणांत उघडले. हेल्म्स डीपच्या तटाला मात्र ते डनलँडच्या माणसांपुरतेच ठेवले.