समुद्राच्या हातची चव

जपानच्या ह्योगो प्रांतात, कोबे आणि आकाशी या शहरांच्या किनाऱ्यावर, फेब्रुवारी संपून मार्च लागला की गल्लीगल्लीतून सोया सॉस, साखर आणि आल्याचा वास दरवळायचा. इकानागो नावाच्या माशाची पिल्लं त्या दिवसांत जाळ्यात येतात. बोटाच्या दोन पेरांएवढी, चंदेरी, हात लावला तर तुटतील अशी. पहाटे दोन-दोन होड्या मिळून जाळं ओढतात, सकाळी लिलाव होतो आणि मासळीच्या दुकानांपुढे रांगा लागतात. हा मासा ताजेपण फार लवकर गमावतो, त्यामुळे सकाळी आणला की त्याच दिवशी चुलीवर चढायला हवा. रुंद पातेल्यात सोया सॉस, जाड्या खड्याची साखर, मिरिन ही तांदळाची गोडसर दारू आणि आल्याचे बारीक काप उकळत ठेवायचे, त्यात मासा मूठमूठ सोडायचा आणि वर भांड्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण थेट माशांवर टेकवायचं. मग ढवळायचं नाही. ढवळलं की मासा मोडतो. रस आटेपर्यंत राखलेला हा संयम हेच त्या पाककृतीतलं खरं कौशल्य. तयार होतो तो तपकिरी, चकचकीत, गोड-खारट ‘कुगिनी’. गरम भातावर चिमूटभर पुरतो आणि कित्येक दिवस टिकतो.

हा पदार्थ कोणी एका जेवणापुरता करत नसे. एकेका घरात पाच-पाच किलो, कुठे त्याहून जास्त मासा शिजायचा. मग तो डब्यांत भरून तोक्योला राहणाऱ्या लेकीला, ओसाकातल्या बहिणीला, जुन्या शेजाऱ्याला टपालाने जायचा. त्या आठवड्यांत तिथल्या सुपरमार्केटांत साखर, आलं, सोया सॉस आणि रिकामे डबे एकाच ठिकाणी रचून ठेवलेले असायचे. कोणाचा कुगिनी किती कोरडा, कोणाचा जास्त गोड, कोणी त्यात अक्रोड घातले, यावर नातेवाइकांत गप्पा रंगायच्या. घरची चव म्हणजे काय, याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही.

ही प्रथा फार जुनी मात्र नाही. पूर्वी कुगिनी हा मच्छीमार वस्त्यांतला पदार्थ होता. शहरातल्या घराघरांत तो पसरला गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत, आणि त्यात मच्छीमार संस्थांमधल्या बायकांनी भरवलेल्या शिकवण्यांचा मोठा वाटा होता. जानेवारी १९९५च्या भूकंपाने कोबे उद्ध्वस्त झालं. त्यानंतर ज्यांनी मदत पाठवली त्यांना उपकाराची आठवण म्हणून कोबेकरांनी कुगिनीचे डबे पाठवले आणि त्या प्रांताबाहेरही तो माहीत झाला. म्हणजे जिला आज ‘आमच्याकडची पूर्वापार रीत’ म्हणतात, ती बऱ्याच घरांत आईच्या, फार तर आजीच्या पिढीत सुरू झालेली आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. परंपरेचं मोल तिच्या वयावरून ठरवायची आपली सवयच चुकीची आहे. दरवर्षी ठरलेल्या दिवसांत कोणीतरी राबतं, आणि त्या राबण्यातून दूरच्या माणसाची आठवण ठेवली जाते, एवढ्याने परंपरा पुरी होते.

पण या प्रथेला तगण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. समुद्रात मासा असावा लागतो.

ह्योगोत इकानागोच्या पिल्लांची मासळी अनेक वर्षं दहा हजार टनांच्या वर मिळत असे. २०१७ साली ती एकदम हजार टनांच्या आसपास घसरली आणि तेव्हापासून सावरलेली नाही. हंगाम काही वर्षी मोजक्या दिवसांत आटोपता घ्यावा लागला, म्हणजे उरलेला मासा अंडी घालायला शिल्लक राहील. भाव कैक पटींनी चढले. जिथे पाच किलो शिजायचा तिथे आता अर्धा किलो शिजतो, काही घरांत तेवढाही नाही.

या घसरणीचं कारण शोधताना ह्योगोच्या मत्स्य-संशोधकांच्या हाती जे लागलं, ते मला अस्वस्थ करणारं वाटतं. ह्योगोला लागून असलेला सेतो अंतर्गत समुद्र एके काळी कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याने नासला होता. पाण्यात सूक्ष्म जीव बेसुमार माजून समुद्र लाल व्हायचा. १९७२ साली हारिमाच्या समुद्रात अशाच लाल पाण्याने पाळीव हामाची मासे मेले, तब्बल १ कोटी ४० लाख. पुढच्याच वर्षी कायदा झाला, सांडपाण्यावर कडक बंधनं आली आणि काही दशकांत पाणी निवळलं. पर्यावरणरक्षणाच्या इतिहासातलं हे खरंखुरं यश आहे, आणि ते यशच मानलं पाहिजे. मात्र पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस एका मर्यादेखाली गेला, तेव्हा त्यावर वाढणारे सूक्ष्म जीव कमी झाले, आणि त्यांच्यावर जगणारा इकानागो उपाशी राहू लागला. हा मासा उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत खाऊन अंगात चरबी साठवतो, मग वाळूत शिरून काही न खाता महिनोन् महिने पडून राहतो आणि हिवाळ्यात अंडी घालतो. वाळूत जातानाच जो रोड असतो, तो अंडी कमी घालतो. तापत चाललेल्या पाण्याचाही त्याला जाच आहेच. त्याच समुद्रात शेती होणाऱ्या नोरी शेवाळाचाही काळा रंग उडू लागला, तोही अन्नद्रव्यांअभावी.

आकाशीच्या एखाद्या स्वयंपाकघरात मार्चमध्ये पातेलं चढतं की नाही, याची मुळं अशी सांडपाण्याच्या कायद्यापर्यंत जातात. तिथल्या बाईला पाककृती तोंडपाठ आहे, हौस आहे, पत्ते लिहिलेले डबे आहेत. तिच्याकडून काहीच कमी पडलेलं नाही.

डिसेंबर २०१३मध्ये युनेस्कोने जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीला, ‘वाशोकू’ला, मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. निसर्गाविषयीचा आदर आणि ऋतूंची जाण ही तिची लक्षणं त्या नोंदीत ठळकपणे सांगितलेली आहेत. त्यानंतर जपानी ऋतुभानाची स्तुती जगभर वाढली, मराठीतही आपण ती वाचतो. पदार्थाचे हंगामाच्या तोंडाचे, ऐन भराचे आणि सरत्या दिवसांचे असे तीन टप्पे मानणारी ती नजर खरोखरच सूक्ष्म आहे. मात्र ऋतुभान हा जणू जपानी मनाचा उपजत गुण आहे, अशा थाटात ती स्तुती होते तेव्हा मला ती पटत नाही. ऋतू ताटात येतो तो पाण्यातून, मातीतून आणि कोणाच्या तरी कष्टांतून. यातलं एक जरी आटलं तरी मनातल्या भानाने ताट भरत नाही.

तीन मार्चला हिनामात्सुरी हा मुलींचा सण असतो. त्या दिवशी हामागुरी नावाच्या शिंपल्यांचं नितळ सार करतात. एका शिंपलीचे दोन पाखे फक्त एकमेकांशीच जुळतात, म्हणून मुलीला अनुरूप जोडीदार मिळावा या इच्छेचं ते सार. पण तोक्योच्या उपसागरातले चिखलाचे उथळ किनारे भराव घालून बुजवले गेले. जपानचा मूळचा हामागुरी २०१२पासून सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे, आणि सणाला विकला जाणारा बराचसा शिंपला चीनमधून येतो. मुलीसाठीची इच्छा तीच आहे, सार करणारे हात तेच आहेत, किनारा मात्र गेला.

बांबूची गोष्ट उलट्या दिशेने जाते. एप्रिलमध्ये जमिनीतून डोकं काढणारे कोंब हा जपानी वसंताचा मानबिंदू. कोंब पहाटे खणतात, कारण मातीबाहेर आल्यापासून तासातासाने त्याचा तुरटपणा वाढतो. शेंडा तिरपा छाटून सालासकट तो तांदळाचा कोंडा आणि एक सुकी मिरची घातलेल्या पाण्यात तासभर उकळायचा आणि त्याच पाण्यात निवू द्यायचा. यात अर्धा दिवस जातो. आपल्याकडे शेवळांची खाज मारायला काकडं लागतात हे ज्या घरात ठाऊक आहे, तिथे हा खटाटोप वेगळा समजावून सांगायला नको. मग तो कोंब भातात पडतो, किंवा त्याच दिवसांतल्या कोवळ्या वाकामे शेवाळाबरोबर हलक्या रसात शिजतो. डोंगर आणि समुद्र एकाच हंगामात एका वाटीत भेटतात. चवीच्या दृष्टीने वसंतातला हा सर्वात सुंदर जोड आहे असं माझं मत आहे.

आता उकडून पिशवीत बंद केलेले कोंब वर्षभर मिळतात, बहुतेक चीनचे. स्वस्त आयातीपुढे कोंब खणणं परवडेना, टोपल्यांची जागा प्लास्टिकने घेतली आणि बांबूची बनं वाऱ्यावर सोडली गेली. ती आता शेजारची जंगलं गिळत पसरताहेत. मासा नाही म्हणून एक पदार्थ संपत चालला, तर बांबू रानोमाळ वाढूनही दुसरा पदार्थ हातातून सुटतोय, कारण खणायला माणूस नाही आणि शिजवायला वेळ नाही.

हा वेळ कोणाचा, हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे. आजीच्या हातच्या चवीचे गोडवे गाताना आपण बहुधा एका बाईच्या बिनमोल तासांचे गोडवे गात असतो. वाराबी हा कडवट नेचा राखेच्या किंवा सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवल्याशिवाय खाऊ नये, त्यात विषारी द्रव्य असतं. विषुवदिनाच्या सुमाराला पितरांपुढे ठेवायच्या बोतामोची या भाताच्या गोड गोळ्यांसाठी लाल अझुकीचे दाणे शिजवून गाळायचे, कारण शरद ऋतूत काढलेल्या त्या दाण्यांची सालं वसंतापर्यंत कडक झालेली असतात. ही सगळी जाण एका पिढीच्या बायकांनी सांभाळली. पुढच्या पिढीतल्या नोकरी करणाऱ्या बाईने ती सोडली, तर तिला बोल लावणं अन्यायाचं आहे. घरातल्या पुरुषांनीही पातेल्याशी उभं राहायला शिकावं. कोंडा घालून पाणी उकळायला बाईच लागते असं काही नाही.

फुकुशिमाच्या डोंगरातल्या घरांवर तर वेगळाच घाला आला. कोशिआबुरा नावाच्या झाडाचे कोवळे, किंचित कडू कोंब तिथे वसंतात तळून खायचे. मार्च २०११च्या अणुदुर्घटनेनंतर किरणोत्सारी सीझियम जंगलाच्या मातीत मुरलं, आणि कोशिआबुरा ते इतर रानभाज्यांपेक्षा जास्त शोषून घेतो. जपानने एप्रिल २०१२पासून अन्नातल्या किरणोत्सारी सीझियमसाठी किलोला १०० बेकरेलची (बेकरेल हे किरणोत्साराचं एकक) मर्यादा घातली. घरं आणि शेतं धुता-खरवडता आली, डोंगर कोण धुणार? कोशिआबुरा विक्रीला नेण्यावरचे निर्बंध पुढेही कित्येक ठिकाणी टिकून राहिले. रानात कुठे काय उगवतं, ही वडिलांनी मुलाला पायवाटेवर दाखवायची गोष्ट. तिथल्या माणसांनी रानातून आणलेल्या भाज्या गावातल्या केंद्रावर यंत्राखाली तपासून घ्यायला सुरुवात केली. या भाजीची भरपाई पैशात कशी मोजायची, याचं उत्तर कुठल्याही कोष्टकात मावणार नाही.

म्हणून वारशाच्या याद्यांपेक्षा मला ह्योगोत चाललेलं काम जास्त मोलाचं वाटतं. त्या प्रांताने २०१९ साली समुद्रातल्या नायट्रोजनची खालची मर्यादाही ठरवली, लिटरला ०.२ मिलिग्रॅम. पाणी यापेक्षा ‘निर्मळ’ होऊ द्यायचं नाही. २०२१मध्ये देशाचा कायदाही बदलला आणि अन्नद्रव्यं बेताने समुद्रात जाऊ देण्याची वाट मोकळी झाली. हिवाळ्यात काही सांडपाणी-केंद्रं ही द्रव्यं आता पूर्वीइतकी काढून घेत नाहीत. आकाशी आणि आवाजी बेटाच्या बाजूला मच्छीमार समुद्राचा तळ नांगरासारख्या अवजाराने उकरतात, म्हणजे गाळात अडकलेलं सत्त्व वर येईल. त्याच भागात भातशेतीची जुनी तळी आहेत. शेतकरी थकले, तळी उपसून गाळ काढण्याचं काम मागे पडलं, आणि त्या गाळाचं सत्त्व ओढ्यांतून समुद्रात जायचं तेही थांबलं. आता हिवाळ्यात मच्छीमार होड्या बांधून ठेवून त्या तळ्यांत उतरतात आणि म्हाताऱ्या शेतकऱ्यांबरोबर चिखल ढवळून पाणी सोडतात. शेतकऱ्याचं तळं साफ होतं, मच्छीमाराच्या समुद्राला अन्न मिळतं. एवढ्याने इकानागो परत येईल, असं त्यातलं कोणी म्हणत नाही. तरीही ते दर हिवाळ्यात तळ्यांत उतरतात.