गुप्ततेचें ऋण

मनुष्य जन्मास येतो तोच ऋणें घेऊन येतो, असें आपल्या शास्त्रकारांनीं सांगून ठेविलें आहे. देवांचें, ऋषींचें व पितरांचें, अशीं तीं तीन ऋणें. आधुनिक काळानें त्यांत राष्ट्राचें चौथें ऋण घातलें, आणि तें इतर तिन्हींहून मोठें आहे असें आपण मुलांना शाळेपासूनच शिकवीत आलों. पहिलीं तीन ऋणें आपसांत सहसा भांडत नाहींत. हें चौथें मात्र एखादे दिवशीं दारांत येऊन उभें राहतें व म्हणतें, "आधीं माझें फेड, बाकीच्यांचें मग पाहूं." अशा वेळीं शहाण्या माणसानें काय करावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत जितका सोपा दिसतो तितका संसारांत नसतो. चीन देशांतील एका नौकाशिल्पज्ञाचें चरित्र वाचतांना तो माझ्या मनांत पुन्हां जागा झाला. त्यांचें नांव हुआंग शूहुआ. चीनच्या अणुशक्तीवर चालणाऱ्या पहिल्या पाणबुडीच्या रचनाकारांपैकीं ते एक प्रमुख. २०२५ च्या फेब्रुवारींत ते वारले.

त्यांच्यापुढें जें ऋण उभें राहिलें तें लहानसहान नव्हतें. अमेरिकेनें १९५४ सालीं नॉटिलस ही अणुशक्तीची पहिली पाणबुडी पाण्यांत सोडली, आणि १९५८ च्या ऑगस्टांत ती उत्तर ध्रुवाच्या बर्फाखालून पार झाली. त्याच वर्षीं चीननें तशी पाणबुडी बांधण्याचा संकल्प केला. रशियाकडे विद्येची याचना केली, तों तिकडून उलट दोघांचें मिळून एकच आरमार करण्याची सूचना आली. माओंना ती अपमानास्पद वाटली. दहा हजार वर्षें लागलीं तरी ही पाणबुडी आपण स्वतः बांधूं, असे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

हा अभिमान पोकळ म्हणून हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. समुद्रावरून आलेल्या मानहानीची चीनची आठवण फार जुनी आहे. १८६६ सालीं फूचौ येथें मोठ्या हौसेनें काढलेल्या गोदीचा १८८४ सालीं फ्रेंचांच्या तोफांनीं विध्वंस केला. त्यापूर्वीं १८४२ सालीं नानकिंगच्या ज्या तहानें हाँगकाँग गेलें, तो कॉर्नवॉलिस नांवाच्या इंग्रज युद्धनौकेवर झाला. वाचकांस हें ऐकून कदाचित् आश्चर्य वाटेल कीं, ती नौका १८१३ सालीं आपल्या मुंबईच्या गोदींतच वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानाची बांधली होती. आणि ज्या अफूपायीं तें युद्ध पेटलें तिचाहि मोठा भाग मुंबई बंदरांतूनच तिकडे जात असे. तेव्हां चीनला स्वतःच्या हातची नौका कां हवी होती, हें इतरांनीं न समजलें तरी मुंबईकरांनीं तरी समजून घ्यावें!

हुआंग यांस १९५८ सालीं या कामावर घेतलें, तेव्हां अटी स्पष्ट सांगितल्या होत्या. एकदां आंत आल्यावर जन्मभर बाहेर पडावयाचें नाहीं. संस्थेचें नांव, ठिकाण आणि काम कोणापाशींहि उच्चारावयाचें नाहीं. कीर्तीची आशा धरावयाची नाहीं. त्यांनीं त्या मान्य केल्या. अणुशक्तीची पाणबुडी त्यांच्यापैकीं कोणीं डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. परदेशांतून आणलेलीं अमेरिकन पाणबुडीचीं दोन खेळणीं उघडून तीं मंडळी अंतर्रचनेचा अदमास घेत; मणी सरकवून करावयाच्या चिनी गणनयंत्रावर मोठमोठे हिशेब मांडीत; आणि नौकेवर चढणारी प्रत्येक वस्तु काट्यावर तोलून तिचें वजन टिपून ठेवीत. मध्यंतरीं देशांत दुष्काळ पडला, त्यांत कोट्यवधि माणसें मेलीं, आणि कामहि कांहीं काळ थांबलें. तें १९६५ सालीं पुन्हां सुरू झालें. पुढें सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमींत या रचनाकारांसच डुकरें राखावयास लाविलें. तथापि १९७० सालीं जमिनीवरील अणुभट्टी पूर्ण शक्तीनें चालली, त्याच वर्षाच्या २६ डिसेंबरास पाणबुडी पाण्यांत उतरली, आणि १९७४ सालीं ती आरमारांत दाखल झाली.

आतां घराकडे वळूं. हुआंग यांचे आईबाप दक्षिणेकडील क्वांगतुंग प्रांतांत राहत. दोघेंहि वैद्यकीचा व्यवसाय करीत. मुलगा कोठें आहे, काय करतो, असें तीं पत्रांतून विचारीत. मुलगा उत्तरांत इतर सर्व लिही, एवढेंच टाळी. अशीं सुमारें तीस वर्षें गेलीं. वडील वारले; मुलगा अंत्यविधीस आला नाहीं. एक वडील भाऊ वारला. तेव्हांहि आला नाहीं. शिकून मोठा झाला आणि घर विसरला, असें भावंडांस वाटूं लागलें, तर त्यांत त्यांचा दोष कोणता? १९८७ सालीं शांघायच्या एका मासिकांत पाणबुडीच्या रचनाकारावर लेख आला. त्यांत पुरें नांव नव्हतें. केवळ हुआंग हें आडनांव आणि त्यांच्या पत्नीचें नांव होतें. म्हाताऱ्या आईनें सुनेचें नांव वाचलें आणि मुलाला ओळखलें. तिनें बाकीच्या मुलांना जवळ बोलावून सांगितलें कीं, त्याचें आपण सर्वांनीं समजून घेतलें पाहिजे. वडिलांना मात्र हें समजून घेण्याची संधि मिळाली नाहीं.

पुढें हुआंग यांना याविषयीं विचारीत, तेव्हां राष्ट्रनिष्ठा हीच थोर मातृपितृभक्ति होय, अशा आशयाचें उत्तर ते देत. उत्तर उदात्त आहे. पण तें खरें आहे काय? एका सावकाराचें देणें दिल्यानें दुसऱ्याचें आपोआप फिटतें, असें व्यवहारांत कोणी मानीत नाहीं. नीतींत तरी कां मानावें? आमच्या पुंडलिकानें आईबापांची सेवा चालली असतां प्रत्यक्ष परमेश्वराला विटेवर थांबविलें. देवाची भक्ति म्हणजेच आईबापांची भक्ति, असें म्हणून तो उठून गेला नाहीं. दोन ऋणें दोन आहेत, हें त्यानें ओळखलें.

याचा अर्थ मुलानें घर सोडूंच नये असा नव्हे. प्रभु रामचंद्र कौसल्येला सोडून गेलेच. पण कोठें जातों आणि किती वर्षांनीं परत येईन, हें तिला सांगून गेले. खुद्द चीनच्या कन्फ्यूशियसनें मुलास आईबाप हयात असतां दूर जाण्याची अगदींच बंदी केलेली नाहीं. जाणें प्राप्तच असेल तर त्याचें ठिकाण त्यांना ठाऊक असावें, एवढें त्याचें मागणें होतें. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले. वडिलांच्या मृत्यूची वार्ता त्यांना तिकडेच कळली. तरी ते परतले नाहींत, आणि १९४२ सालीं त्याच भूमींत त्यांनीं देह ठेविला. घराला तो वियोग दुःसह झाला असेल, पण आपला मुलगा जखमी शिपायांच्या शुश्रूषेंत आहे, हें घराला माहीत होतें. दुःखाला एक ठिकाण होतें. हुआंग यांच्या आईबापांना वियोग झाला याहून मोठी गोष्ट ही कीं, तो कशासाठीं हें त्यांना कळूं दिलें नाहीं. त्याग त्यांच्याकडून घेण्यांत आला. मागण्यांत आला नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, पाणबुडीचें सारें सामर्थ्य लपण्यांत आहे. जी दिसली ती संपली. म्हणून तिच्या बांधणाऱ्यांनींहि लपलेंच पाहिजे. हें मला मान्य आहे. अणुभट्टीचा आराखडा आईला दाखवावा, असें कोणीच म्हणणार नाहीं. पण "तुमचा मुलगा चांगल्या कामांत आहे, तो तुम्हांला विसरलेला नाहीं," एवढा निरोप सरकारच्या एखाद्या अधिकाऱ्यानें दारांत येऊन सांगितला असता, तर कोणत्या शत्रूला काय कळलें असतें? गुप्ततेला जेवढें अवश्य होतें तेवढेंच घेतलें असतें, तर तें ऋण झालें असतें. त्याहून अधिक घेतलें ती केवळ सत्तेची संवय होय.

खुद्द हुआंग यांना मात्र या विवेचनानें कमीपणा येत नाहीं. १९८८ सालीं दक्षिण चिनी समुद्रांत पाणबुडीची तीनशें मीटर खोलीची कसोटी घ्यावयाची होती. १९६३ सालीं अमेरिकेची थ्रेशर अशाच कसोटींत १२९ माणसांसह बुडाली होती. तें सर्वांना ठाऊक असल्यामुळें कित्येक खलाशांनीं घरीं शेवटचीं पत्रें लिहून ठेविलीं. साठी उलटलेले हुआंग त्यांच्यासह स्वतः खालीं गेले. मुख्य रचनाकारानें स्वतः उतरण्याची चाल नव्हती. ज्या नौकेसाठीं त्यांनीं दुसऱ्यांचें सुख खर्ची घातलें, तिच्यावर आपला जीव लावण्यास ते कचरले नाहींत. आपला त्याग मनुष्य करूं शकतो, आणि तो वंदनीय आहे. दुसऱ्याचा त्याग त्याच्या नकळत करण्याचा अधिकार मात्र मुलाला नाहीं, आणि राष्ट्राला तर त्याहून नाहीं. आईनें क्षमा केली, ती आईची देणगी. ती राष्ट्राच्या जमेस मांडणें योग्य नव्हे.

हा प्रश्न परक्यांचा म्हणून बाजूस सारण्यासारखा नाहीं. २००९ सालीं विशाखापट्टणमला आपली अरिहंत पाण्यांत उतरली. तिच्याहि मागें कित्येक घरें असतील, जेथें मुलगा काय करतो हें विचारावयाचें नाहीं असें ठरलेलें असेल. त्या घरांना आपण काय देणें लागतों, याचा विचार नौकेचा जयजयकार करतांना एक क्षणभर तरी व्हावा.

ती पहिली चिनी पाणबुडी आतां निवृत्त होऊन चिंगताओ येथील आरमाराच्या संग्रहालयांत उभी आहे. २०१७ पासून ती लोकांस पाहावयास खुली आहे. आईबाप मुलांना हाताशीं धरून ती दाखवावयास नेतात. जी गोष्ट एका बापाला मरेपर्यंत कळूं दिली नाहीं, ती आतां कोणाहि बापानें आपल्या लेकराला खुशाल समजावून सांगावी.