आजचं चिंतन : बाटली दिसायला तशीच असते (गीता १८.४६ आणि १८.४८)



आज अठराव्या अध्यायातल्या ४६व्या श्लोकावर थांबलोय. ज्याच्यापासून सगळे जीव आले आणि ज्याने हे सगळं व्यापलं आहे, त्याची पूजा माणसाने आपल्या वाट्याच्या कर्माने करावी, असं भगवंत सांगतात. माऊलींनी तर इथे कर्मालाच फूल म्हटलं आहे. देवाला वेगळं फूल शोधायला नको, रोजचं काम हेच फूल.

पण फूल वाहताना आपण काय बघतो? किडलेलं नाही ना, खाली पडलेलं नाही ना. देवघरातल्या जास्वंदीसाठी एवढं बघणारे आपण, कामाच्या फुलासाठी किती बघतो?

हे वाचताना मला माझी मावशी आठवली. पालखीमार्गावरच्या एका छोट्या गावाजवळ उपकेंद्रात ती नर्स होती. सपाट भागात एका उपकेंद्रामागे साधारण ५,००० लोकवस्ती धरतात. तेवढ्या लोकांची बाळंतपणं, लसी, ताप, जुलाब सगळं तिच्याकडे. लोक तिला 'बाई' म्हणायचे.

लस २ ते ८ अंशात ठेवावी लागते. म्हणून गावात नेताना डब्यात चार बाजूंना चार आईसपॅक असतात. आपल्याला वाटतं लस फक्त उन्हाने बिघडते. पण त्रिगुणी लस गोठली तरी वाया जाते. त्यासाठी आईसपॅक फ्रीझरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायचे, हलवल्यावर आतलं पाणी खळखळ वाजलं की मगच डब्यात घालायचे.

एकदा घाईत मावशीने ते कडक पॅक तसेच घातले. एसटी चुकेल म्हणून. अंगणवाडीत बायका जमल्या होत्या. ऊसतोडीच्या, वीटभट्टीच्या, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या. दोन बाळांना टोचून झालं. पुढची बाटली हातात घेतली, तर ती पॅकला चिकटलेली आणि आत बर्फाचे कण. आधीची बाटलीही त्याच पॅकला टेकलेली होती.

आता बघा, बाटलीवर एक चौकोनी खूण असते. उष्णता लागली की ती काळी पडत जाते. पण गोठल्याचं ती काहीच सांगत नाही. हातात धरली की पाच मिनिटांत बर्फ वितळतो आणि बाटली दिसायला अगदी चांगल्या लसीसारखी. रजिस्टरमध्ये बरोबरची खूण झाली असती. आया समाधानाने घरी गेल्या असत्या. फक्त बाळाला संरक्षण मिळालं नसतं, आणि ते कधी कोणाला कळलंही नसतं.

मावशीने त्रिगुणीच्या सगळ्या बाटल्या बाजूला ठेवल्या. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस गोठण्याने बिघडत नाही, ते थेंब तेवढे पाजले. मग उभं राहून सांगितलं, "बायांनो, माझी चूक झाली. आजचं इंजेक्शन देत नाही. नवीन लस घेऊन मी परत येते." संध्याकाळी त्या दोन बाळांच्या घरी गेली. एका घरात सासूने दारातच घेतलं तिला. "तुमच्यावर भरवसा ठेवून लेकरू दिलं होतं बाई!" मावशी खाली मान घालून ऐकत राहिली. डॉक्टरांना तिने स्वतःच लिहून दिलं. मेमो मिळालाच.

मी तिला नंतर विचारलं, "मावशी, लोकांचा विश्वास गेला असता तर?"

ती म्हणाली, "अरे, विश्वास माझ्यावर असतो का? त्या लसीवर असतो. ती खोटी निघाली तर मी कितीही गोड बोलून काय उपयोग?"

इथे पुढचा ४८वा श्लोक येतो. आपलं कर्म सदोष असलं तरी सोडू नये, कारण अग्नीबरोबर धूर असतो तसा प्रत्येक कामात काहीतरी दोष असतोच. हा श्लोक आपण फार सोयीने वापरतो. "चालायचंच, चुका सगळ्यांच्याच होतात." पण भगवंत काम सोडू नको म्हणतात, धूर झाकून ठेव असं म्हणत नाहीत. धूर घरात कोंडला की घरातल्यांनाच गुदमरवतो. मावशीने दोन्ही पाळलं. चूक लपवली नाही, आणि मेमो मिळाला म्हणून कामही सोडलं नाही. ठरलेल्या दिवशी नवीन लस घेऊन ती परत त्याच अंगणवाडीत हजर होती. ती सासू नातवाला घेऊन आली होती. काही बोलली नाही, फक्त बाळाचा पाय घट्ट धरून बसली.

आता माझं सांगतो, कारण नाहीतर हे चिंतन म्हणजे दुसऱ्याच्या बागेतलं फूल तोडून वाहिल्यासारखं होईल. दोन आठवड्यांपूर्वी मला माझ्याच कोडमध्ये चूक सापडली. काही ग्राहकांचे चार-पाच रुपये जास्त कापले जात होते. मी ती गुपचूप दुरुस्त केली. पुढचं बरोबर झालं, पण आधी कापलेल्या पैशांबद्दल कोणाला बोललो नाही. रक्कम छोटी, कोण बघतंय? रोज सकाळी हरिपाठ म्हणतो आणि नऊ वाजता तीच गोठलेली बाटली घेऊन बसतो.

आज साहेबांना सगळं लिहून मेल पाठवला आहे. पाठवूनच ही पोस्ट टाकतोय. उत्तर अजून आलेलं नाही आणि छातीत धडधडतंय, खोटं कशाला बोलू.

मावशी आता निवृत्त आहे. दरवर्षी माऊलींची पालखी आली की रस्त्याच्या कडेला सतरंजी टाकून बसते. वारकऱ्यांच्या पायाचे फोड धुते, मलमपट्टी करते, जलसंजीवनी देते. स्वतः पंढरपूरला कधी चालत गेली नाही. मी एकदा म्हटलं, तू पण चल की वारीला. तर म्हणे, "माझी वारी इथेच होते रे. आधी हात धुवून ये, मग हे बँडेज धर."

आजच्या दिवसासाठी एवढंच धरू या. आपल्या कामात बाहेरून चांगली दिसणारी, पण आतून गोठलेली एक तरी बाटली असेल. ती आज बाजूला काढू. ज्याचं नुकसान झालं त्याला सांगू. आणि उद्या परत कामाला जाऊ.

राम कृष्ण हरि.